अंजनेरीच्या सहलीची तयारी

(नाशिकमधील एका उर्दू माध्यमाच्या शाळेतील नववीचा वर्ग नाण्यांचे संग्रहालय पाहायला निघाला आहे. जाण्यापूर्वी वर्गाने काय तयारी केली, ते वर्गशिक्षकांनी या पाठात सांगितले आहे.)

दोन वर्षांपूर्वी मी एका वर्गाला घेऊन परगावी संग्रहालय पाहायला गेलो होतो. आम्ही पहाटे पाचला निघालो. चार तासांनी तिथे पोहोचलो, तर दाराला कुलूप! तो साप्ताहिक सुटीचा दिवस होता. चूक माझीच होती. मी आधी चौकशी केली नव्हती. मुलांनी जवळच्या बागेत बसून डबे खाल्ले आणि आम्ही परत आलो. ती मुले अजून कधी भेटली, की हसत विचारतात, "सर, ते कुलूप उघडले का?"

म्हणून यंदा नववीच्या वर्गात सहलीचा विषय निघाला, तेव्हा मी फळ्यावर पहिलाच प्रश्न लिहिला : 'संग्रहालय कधी बंद असते?' मुले हसली. मी हसलो नाही.

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाताना सुमारे २० किलोमीटरवर अंजनेरी लागते. तिथे डोंगराच्या परिसरात नाण्यांचा अभ्यास करणारी एक संशोधन संस्था आहे. ती १९८० साली स्थापन झाली. प्रसिद्ध नाणेतज्ज्ञ डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांनी ती उभारण्यासाठी कष्ट घेतले. संस्थेचे स्वतःचे नाण्यांचे संग्रहालय आहे. तिथे जायचे असे मी सांगताच शेवटच्या बाकावरून आवाज आला, "नाणी? सर, नाणी तर खिशातच आहेत!"

घरोघरीही हाच प्रश्न निघाला. एका मुलीचे अब्बा शाळेत आले. त्यांचे किराणा मालाचे दुकान आहे. ते म्हणाले, "मास्टरसाहेब, पैसे खर्च करून पैसेच पाहायचे?" मी त्यांना बसायला सांगितले आणि त्यांच्याच खिशातली एक नोट काढायला लावली. "मागच्या बाजूला एका पट्टीत किती भाषा आहेत, मोजा." त्यांनी मोजल्या. पंधरा. मराठी मध्येच होती, उर्दू सगळ्यांत खाली. "रोज शेकडो नोटा हातात येतात, पण हे कधी पाहिले नाही," असे म्हणून त्यांनी परवानगीच्या कागदावर सही केली. आपल्या नाशिक रोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जातात, हेही मी त्यांना सांगितले. ते मात्र त्यांना माहीत होते.

नुसती परवानगी मिळून काय उपयोग? संग्रहालयात मुले कशी चालतात, ते मी पाहिले आहे. पहिल्या कपाटापाशी पाच मिनिटे थांबतात, दुसऱ्यापाशी एक, आणि पुढे नुसती पळतात. नाणे तर नखाएवढे. माहिती नसेल तर ते नुसता धातूचा तुकडाच दिसणार. मग आम्ही ठरवले, की जाण्यापूर्वी आठ दिवस रोज एक तास नाशिकच्या नाण्यांविषयी बोलायचे.

पहिल्या दिवशी मी जोगलटेंभीची गोष्ट सांगितली. जोगलटेंभी हे नाशिकजवळचे गाव. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी किती, तर १३,००० हून अधिक! ती क्षत्रप राजा नहपान याची होती. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी नाशिकच्या प्रदेशावर त्याची सत्ता होती. या नाण्याच्या एका बाजूला राजाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरे आहेत. दुसऱ्या बाजूला बाण व वज्र ही चिन्हे असून ब्राह्मी आणि खरोष्ठी या दोन लिप्यांतला मजकूर आहे. जुन्या पंचवीस पैशांपेक्षाही लहान नाण्यावर तीन लिप्या!

मी फळ्यावर लिहिले, 'खरोष्ठी : उजवीकडून डावीकडे.' क्षणभर वर्ग गप्प होता. मग एक मुलगा ओरडला, "सर, आपल्या उर्दूसारखी!" उर्दूची लिपी वेगळी आणि खरोष्ठी वेगळी, हे मी लगेच स्पष्ट केले. पण त्याच्या आनंदाला मी धक्का लावला नाही.

पुढची हकिगत तर आणखी नवलाची. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाचा पराभव केला. मग त्याने नहपानाची नाणी घेतली आणि त्यांच्यावरच आपला ठसा मारला. जोगलटेंभीच्या साठ्यातील ९,००० हून अधिक नाण्यांवर असा दुसरा ठसा आहे. काही नाण्यांवर नव्या चिन्हांखालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. "त्याने ती वितळवली का नाहीत?" मुलांनी विचारले. उत्तराची घाई न करता मी तो प्रश्न वहीत लिहायला सांगितला. तज्ज्ञांना विचारण्याच्या प्रश्नांत तो पहिला ठरला.

नाणी कशी वापरली जात, हे नाशिकच्या पांडवलेण्यांत दगडावर लिहिलेले आहे. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण, म्हणजे चांदीची नाणी, गोवर्धन येथील विणकरांच्या संघांकडे कायमची ठेवली. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा १ असे व्याज ठरले. त्यातून लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना दरवर्षी वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळायचे. मी मुलांना हिशेब करायला सांगितला. महिन्याला २० कार्षापण, वर्षाला २४०. आणि वीस बारे २४०. बरोबर जुळले! वर्गातील दोन मुलांचे आजोबा मालेगावला हातमाग चालवायचे. राजाचा जावई विणकरांवर विश्वास ठेवून पैसे ठेवतो, हे त्या दोघांनी घरी जाऊन सांगितले म्हणे. सकाळी आधी लेणी पाहायची आणि मग अंजनेरीला जायचे, हे त्याच दिवशी ठरले.

आता एक अडचण उरली होती, आणि ती मोठी होती. संग्रहालयात मराठीत बोलायचे कोणी? मराठीच्या पेपरात सर्वांत जास्त गुण मिळवणारी मुलगी म्हणाली, "मी नाही बोलणार. आमची मराठी ऐकून ते हसतील." उर्दूत 'सिक्का' पुल्लिंगी आहे. म्हणून आमची मुले चटकन 'तो नाणा' म्हणून जातात. मराठीत मात्र 'ते नाणे' आणि 'ती नाणी'. उर्दूत नपुंसकलिंग नाहीच, तर ते जिभेवर येणार कसे? मी स्वतः कॉलेजात असताना 'माझा पुस्तक' म्हणालो होतो. मित्र खूप हसले. मग महिनाभर मी त्यांच्याशी फक्त हिंदीतच बोललो. हे मी वर्गात सांगितले. ती मुलगी काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी पाच प्रश्न लिहून घेऊन आली. आम्ही रोज दहा मिनिटे सराव केला. मी संग्रहालयाचा अधिकारी झालो आणि मुलांनी मला प्रश्न विचारले. हातात कागद घ्यायचा नाही, एवढाच नियम.

संग्रहालयाला पाठवायचे पत्र मुलांनीच मराठीत लिहिले. येण्याची तारीख, मुलांची संख्या, बंद असण्याचा दिवस, आणि कोणी माहिती सांगू शकेल का, एवढेच त्यात होते. पालकांना पत्र उर्दूत गेले. बससाठी एस.टी. आगारात अर्ज दिला. पाण्याच्या बाटल्या, औषधांची पेटी आणि नमाजसाठी वेळ, हे सगळे एका मुलाने न सांगताच यादीत लिहून ठेवले होते.

शेवटच्या दिवशी मी नंतरच्या काळातील रुपयांविषयी सांगितले. 'रुपया' या नावाचे चांदीचे नाणे सोळाव्या शतकात शेरशाह सूरीने चालू केले. शिवाजी महाराजांच्या शिवराईवर देवनागरी अक्षरे आहेत. पण पुढे मराठ्यांच्या राज्यातल्या अनेक टांकसाळींत पाडलेल्या रुपयांवर फारसी मजकूर आणि दिल्लीच्या बादशहाचे नाव दिसते. आपल्या जिल्ह्यातील चांदवडला अशीच टांकसाळ होती. बाजारात ओळखीचे नाणेच चालते ना! नाशिकच्या टांकसाळीचे नाव तर त्या रुपयांवर 'गुलशनाबाद' असे येते.

तेवढ्यात 'नाणी खिशातच आहेत' म्हणणारा मुलगा उठला. त्याने रुमालाची गाठ सोडली आणि एक काळपट, जाड रुपया टेबलावर ठेवला. त्याच्या दादीजानच्या पेटीतला होता. सगळा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला. अक्षरे ओळखीची होती. कोणी 'शीन' ओळखला, कोणी 'अलिफ', कोणी 'हे'. "शाह!" दोघी-तिघी एकदम म्हणाल्या. पुढची अक्षरे मात्र काठावर अर्धीच तुटलेली होती. "बाकीचे नाव कुठे गेले?" मी सांगितले, की ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, म्हणून सगळा मजकूर एका नाण्यावर मावत नसे.

"मग हे कोणत्या टांकसाळीचे?"

ते मलाही वाचता येईना. प्रश्न वहीत गेला. नाणे पुन्हा रुमालात गेले. उद्या ते आमच्याबरोबर अंजनेरीला येणार आहे. दादीजानची अट एकच आहे : मगरिबच्या आत ते घरी परत यायला हवे.

शब्दार्थ
ठसा – छाप. टांकसाळ – नाणी पाडण्याचा कारखाना. साठा – एका जागी जमवलेल्या वस्तू. हातमाग – हाताने कापड विणण्याचे यंत्र. संघ – एकाच व्यवसायातील लोकांची संघटना.

स्वाध्याय
१. लेखकाने फळ्यावर पहिला प्रश्न कोणता लिहिला? का?
२. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या नाण्यांचे काय केले?
३. उरलेल्या १,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज होते. वर्षाचे व्याज काढा.
४. 'नाणे' या शब्दाप्रमाणे चालणारे पाच नपुंसकलिंगी शब्द अनेकवचनासह लिहा.
५. घरातील एखादे जुने नाणे किंवा नोट पाहून तिच्यावरील मजकुराविषयी पाच वाक्ये लिहा.