आधी देश, मग काम, मग परीक्षा

चंद्रपूर

प्रिय पोरी,


तुझं पत्र पोचलं. भामरागडच्या ग्रामीण रुग्णालयातली नोकरी सांभाळून तू इंग्लंडला नर्स म्हणून जायचं ठरवते आहेस, हे वाचून फार आनंद झाला. नागपूरच्या क्लासवाल्यांनी तुला ‘आधी आयईएल्ट्स देऊन टाका, बाकीचं मागून बघू’ असं सांगितलं. पैसे भरण्याआधी तू मला विचारलंस, हे बरं केलंस. आता जरा सविस्तर लिहितो. घाईनं वाचू नकोस.

इंग्रजीच्या पाच-सहा परीक्षा आज चालतात आणि प्रत्येकीचे क्लास आहेत. कोणती परीक्षा द्यायची हे क्लासनं ठरवायचं नसतं, आणि ते आपल्या आवडीवरही नसतं. तुझे गुण शेवटी ज्याच्या टेबलावर जाणार, त्यानं ते आधीच ठरवलेलं असतं. कोणत्या देशात जायचं आणि तिथे काय म्हणून जायचं, हे दोन प्रश्न सुटले की परीक्षेचा प्रश्न बहुतेक सुटलेला असतो.

तुझ्यापुरतं बोलायचं तर ब्रिटनमध्ये नर्स म्हणून काम करायला नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची, म्हणजे एनएमसीची नोंदणी लागते. एनएमसी इंग्रजीच्या दोनच परीक्षा मानते: आयईएल्ट्स ॲकॅडमिक आणि ओईटी. आयईएल्ट्सला ऐकणं, वाचणं आणि बोलणं या तिन्हींत 7 आणि लेखनात 6.5 बँड हवेत. ओईटीला त्या तिन्हींत ‘बी’ आणि लेखनात ‘सी प्लस’ पुरते. आयईएल्ट्सचा दुसरा प्रकार, जनरल ट्रेनिंग, इथे चालत नाही. अर्ज भरताना तेवढ्या एका खुणेकडे लक्ष दे, नाहीतर चुकीच्या परीक्षेची फी जाईल.

आता या दोहोंतली कोणती? आयईएल्ट्सच्या लेखनात एक आलेख किंवा तक्ता देतात आणि त्याचं वर्णन किमान 150 शब्दांत करायला सांगतात. मग 250 शब्दांचा निबंध. विषय शहरातल्या वाहतुकीपासून मुलांच्या शिक्षणापर्यंत काहीही असू शकतो. ओईटी ही खास आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी काढलेली परीक्षा आहे. तिच्यात नर्ससाठी लेखनाचा आणि बोलण्याचा पेपर नर्सिंगचाच असतो. पेशंटच्या नोंदी तुझ्यासमोर ठेवतात, पाच मिनिटं वाचायला आणि चाळीस मिनिटं लिहायला देतात. त्यातून साधारण 180 ते 200 शब्दांचं पत्र लिहायचं: पुढच्या दवाखान्याला, डॉक्टरला किंवा घरी बघणाऱ्या नर्सला. बोलण्याच्या पेपरात दोन प्रसंग असतात. समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक होतो आणि तू नर्सच असतेस.

हे काम तू रोज करतेस. सिकलसेलची बाई सातव्या महिन्यात अंगात रक्त नाही म्हणून येते आणि तिला गडचिरोलीला रेफर करावं लागतं, तेव्हा चिठ्ठीत तू काय लिहितेस? ती कशासाठी पाठवली आहे ते पहिल्या ओळीत. मग हिमोग्लोबिन किती, आधी रक्त कधी चढवलं, दुखणं कधीपासून, काय औषध दिलं, तिकडे तातडीनं काय करायला हवं. तिच्या मोठ्या पोराला मागच्या साली मलेरिया झाला होता, हे खरं असलं तरी तू गाळतेस. ओईटीत नेमकं हेच तपासतात: पत्राचा हेतू लगेच कळतो का, गरजेचं सगळं आलं का, नको ते गाळलं का, मांडणी आणि भाषा पत्राला साजेशी आहे का. तुझं डोकं या कामात तयार आहे, आता त्याला इंग्रजी चढवायचं आहे. म्हणून माझा कौल ओईटीला.

पण दुसरी बाजूही सांगतो. आयईएल्ट्सची फी आज अठरा हजारांच्या आसपास आहे आणि तिचं केंद्र नागपुरात मिळतं. ओईटीची फी त्याहून बरीच जास्त पडते आणि केंद्रासाठी मोठं शहर गाठावं लागतं. हैदराबाद धरलंस तर बल्लारशाहून तेलंगणा एक्स्प्रेस आहे. प्रवास आणि राहणं मिळून कंत्राटी नर्सला हा मोठा खर्च आहे. शिवाय उद्या बेत बदलून कॅनडात स्थायिक व्हायचं ठरवलंस, तर तिथल्या एक्स्प्रेस एंट्रीत ओईटी चालत नाही. तिथे आयईएल्ट्स जनरल, सेल्पिप किंवा पीटीई कोअर लागते. उलट आयर्लंड आणि ऑस्ट्रेलियातली नर्सिंग नोंदणी ओईटी मानते. म्हणजे तू नर्सच राहणार असशील तर ओईटी, आणि मन अजून दोन वाटांवर असेल तर आधी मन ठरव.

पीटीई आणि ड्युओलिंगोच्या जाहिराती तुला दिसतील. पीटीईचा निकाल साधारण दोन दिवसांत येतो, ड्युओलिंगो घरबसल्या कमी पैशांत होते. दोन्ही परीक्षा आपापल्या जागी चांगल्या आहेत. पण एनएमसी त्या मानत नाही, म्हणून तुझ्या कामाच्या नाहीत. आणि भामरागडात वीज नि नेटवर्क दोन्ही ऐन वेळी जातात. घरून द्यायची कोणतीही परीक्षा तिथे बसून देऊ नकोस.

तुझी मैत्रीण जर्मनीला जायचं म्हणते, असं लिहिलंस. महाराष्ट्र सरकारनं 2024 मध्ये तिथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून ही चर्चा आपल्याकडेही पोचली आहे. तिला सांग, तिथे नर्सला जर्मन भाषा लागते, बी-वन, बी-टू पातळीची. तिनं आयईएल्ट्सवर एक रुपया घालू नये.

धाकट्या भावाचं वेगळं आहे. गोंडवाना विद्यापीठातून एम.ए. झाल्यावर त्याला बाहेर शिकायचं असेल, तर त्यानं आधी विद्यापीठं निवडावीत. कोणती परीक्षा आणि किती गुण, हे प्रत्येक विद्यापीठाच्या प्रवेशपानावर लिहिलेलं असतं. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जमातींसाठी वर्षाला 20 जागा आहेत. त्यातल्या 3 विशेष दुर्बल जमातींना राखीव आहेत, आणि आपल्या राज्यात माडिया त्यांत येतात. विद्यापीठ बहुधा आधी सशर्त प्रवेश देतं आणि इंग्रजीचे गुण ही त्यातली एक अट असते. शिष्यवृत्तीवाले मात्र बिनशर्त पत्राला वजन देतात. म्हणून अर्जाच्या मुदतीआधी पुरेसे महिने हाताशी ठेवून त्यानं परीक्षा द्यावी. कुरखेडा तालुक्यातल्या चिरचाडीचे डॉ. भास्कर हलामी आश्रमशाळेतून शिकून अमेरिकेत पीएच.डी. झाले. आपल्या भागातून ही वाट कुणी चाललंच नाही, असं त्यानं समजू नये.

आता तयारीचं. सगळ्यात आधी पासपोर्ट बघ. परीक्षेची नोंदणी पासपोर्टवरच्या नावानंच करायची. मडावी हे आडनाव दहावीच्या सनदेवर ‘व्ही’नं आणि नर्सिंग कौन्सिलच्या कागदावर ‘डब्ल्यू’नं असेल, तर ते आत्ताच सारखं करून घे. पुढे एकेका अक्षरासाठी महिने जातात. परीक्षेची तारीख जुलै-ऑगस्टची घेऊ नकोस. पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होतो आणि चुकलेल्या तारखेची फी सहसा परत मिळत नाही. दिवाळीनंतरची तारीख धर. गुण दोन वर्षंच चालतात, त्यामुळे फार आधीही देऊ नकोस. एखाद्या भागात थोडक्यात कमी पडलीस तर खचू नकोस. बारा महिन्यांच्या आत दिलेल्या दोन परीक्षांचे गुण एनएमसी ठरावीक किमान गुणांच्या अटीवर एकत्र धरते.

ओईटीच्या अधिकृत संकेतस्थळावर नमुना पेपर फुकट आहेत. क्लासला पैसे देण्याआधी त्यातला एक पेपर घड्याळ लावून सोडव. कुठे कमी पडतेस ते कळेल आणि क्लास लागलाच तर तेवढ्यापुरता लागेल. तुझं वाचन चांगलं आहे, पण उच्चार कानावर पडलेले नाहीत. तू घरी माडिया बोलतेस, शाळा मराठीत झाली, बाजारात तेलुगू येते. इतक्या भाषा कानानं शिकलेल्या पोरीला इंग्रजी ऐकणं जड जाणार नाही. पण रोज अर्धा तास ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन माणसांचं बोलणं ऐक, आणि ऐकता ऐकता कागदावर टिपत जा.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ‘पैसे द्या, गुण आम्ही आणून देतो’ असं म्हणणाऱ्याशी दुसरं वाक्य बोलू नकोस. गुण एनएमसी परीक्षा मंडळाकडूनच पडताळते, आणि खोटेपणा निघाला तर नर्स म्हणून नाव जाऊ शकतं. तसंच ब्रिटनच्या भरती-संहितेप्रमाणे एजंटनं नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घ्यायचे नसतात. जो मागेल त्याला सोड. इंग्रजीनंतर संगणकावरची सीबीटी आहे, आणि मग तिकडे गेल्यावर प्रात्यक्षिकाची ओस्की. तुझे पैसे त्यांच्यासाठी लागणार आहेत.

या आठवड्यात दोन कामं कर. पासपोर्ट आणि सनदा शेजारी ठेवून नावं ताडून बघ. आणि एक नमुना पेपर घेऊन त्यातलं पत्र चाळीस मिनिटांत हातानं लिहून मला पाठव. मी लाल शाईनं तपासून परत धाडीन, आणि ते पाहून तारीख ठरवू.

तुझे,
इंग्रजीचे सर