धावत जाण्यासाठी एक माणूस
अभ्यासपाठ – वाचन : १ शमुवेल १:२४-२८, २:१८-१९, ३:१-१०



हन्नाने दूध तुटल्यावर शमुवेलाला शिलो येथे एलीकडे ठेवले. दर वर्षी ती लहानसा झगा शिवून त्याला नेऊन देई. पुढे एका रात्री शमुवेल तीनदा उठून एलीकडे धावला. एलीने हाक मारली नव्हती, तरी तो चिडला नाही. स्वतःच्या मुलांच्या बाबतीत कमी पडलेला हा म्हातारा या लेकरासाठी मात्र हजर होता.

दिवाळीनंतर कातकरी पाड्यांवरची अनेक कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांची काही मुले वसतिगृहात राहतात. पोटासाठी जाणाऱ्या आईबापांना दोष देऊ नये. हन्नाचेही प्रेम कमी नव्हते.

लहानपणी मायेचे एक कायमचे माणूस मुलाला लागतेच, असे मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात मांडले. ते माणूस मिळालेच नाही किंवा सारखे बदलत राहिले, तर काही मुले लागले-खुपले तरी कोणाजवळ जात नाहीत. काही कोणाही अनोळखी माणसाच्या गळ्यात पडतात. असे दीर्घकाळ दिसले तर बालमनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. खरा विकार क्वचितच असतो; घरच्या आठवणीने रडणे हा आजार नव्हे.

शाळेत काय करावे?

१. प्रत्येक मुलासाठी एक शिक्षक किंवा मावशी ठरवावी. तिने रोज त्याची विचारपूस करावी.
२. रजेवर जाताना मुलाला आधी सांगावे, परतण्याचा दिवसही सांगावा.
३. चूक झाल्यास वर्गाबाहेर काढू नये. जवळ बसवून, शांतपणे, पण नियम न सोडता बोलावे.
४. उशाखाली भाकरी लपवणाऱ्याला चोर म्हणू नये. जेवण वेळेवर मिळते, ही खात्री त्याला हळूहळू पटते.

आणि आपण? नाताळात खाऊ घेऊन जातो, लेकरांना कडेवर घेतो, “पुन्हा येऊ” म्हणतो आणि विसरतो. अशा मुलासाठी तो आणखी एक तुटलेला धागा असतो. हन्ना वर्षातून एकदाच जाई, पण दर वर्षी जाई. जेवढे पाळता येईल तेवढेच वचन द्यावे.

विचारासाठी : आपल्या मंडळीने कोणत्या मुलाला दिलेले वचन राहून गेले आहे?

प्रार्थना : हे प्रभू, लेकरांना जवळ घेणाऱ्या, आम्हांला दिलेल्या शब्दाला जागणारे कर. आमेन.