इंटरनेट मध्येच का जाते? : दोष शोधण्याची रीत



अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ साली सुरू झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. धर्मांतरानंतर बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले. एवढ्या प्रयासाने मिळालेल्या शिष्यवृत्तीचा अर्ज आज महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो, आणि तो भरता भरता लोट्यात नेट जाते. पाच मिनिटांनी येते, पुन्हा जाते.

नेट पूर्ण बंद पडले तर दोष लवकर सापडतो. येणाऱ्या-जाणाऱ्या नेटचे तसे नाही. लाईनमन येतो तेव्हा नेमके ते चालू असते. तो निघून जातो आणि आपण कंपनीच्या नावाने बोटे मोडतो. मीही मोडली आहेत.

तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद सांगितला. कारण असेल तर कार्य घडते, कारण गेले की कार्य थांबते. दुःखाच्या मुळाशी जाणारा हा विचार राऊटरला लावणे कोणाला हलके वाटेल, मला वाटत नाही. बँकेत दिवसअखेर रोकड जुळली नाही तर आम्ही सगळी व्हाउचरे नव्याने लिहीत नाही. फरक कोणत्या काऊंटरवर आणि किती वाजता पडला ते आधी पाहतो. येथेही आधी जागा ठरवावी, उपाय नंतर.

जागा ठरवण्याचे सर्वात सोपे साधन म्हणजे राऊटरचे दिवे. नेट गेले की मोबाईलकडे न पाहता दिव्यांकडे पाहावे. सगळेच दिवे विझून क्रमाने पुन्हा लागत असतील तर दोष विजेचा आहे. फक्त ‘एल.ओ.एस.’ हा दिवा लाल झाला तर फायबरमधून प्रकाश पोचत नाही, म्हणजे दोष तारेत किंवा जोडात. सगळे दिवे नेहमीसारखे असूनही मोबाईलवर काही उघडत नसेल, तर बहुधा घरातील वाय-फाय.

ही ओळख आम्हाला फार उशिरा झाली. माझ्या पुतणीचा अर्ज अखेरच्या संध्याकाळी तीन वेळा तुटला आणि राहिला तो राहिलाच. त्या वर्षीची फी थोरल्या भावाने पतपेढीचे कर्ज काढून भरली. राऊटर बदलला, प्लॅन बदलला, काही उपयोग झाला नाही. शेवटी मुलीनेच वहीत वेळा लिहिल्या. बहुतेक नोंदी संध्याकाळी साडेसहा ते आठच्या. त्या वेळेत शेजारची पाण्याची मोटर सुरू झाली की घरातला दिवा क्षणभर मंद व्हायचा आणि राऊटर बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. बदललेल्या राऊटरलाही आम्ही जुनाच ॲडॅप्टर लावला होता! तीनशे रुपयांच्या आत नवा आला. दोष आमच्याच घरातला होता, आणि शिव्या मात्र कंपनीने खाल्ल्या.

तारेचा दोष कोकणात अधिक. पावसात जोडाच्या डबीत पाणी शिरते, वाऱ्याने तार पत्र्यावर घासते, फांदी पडते, रस्त्याच्या खोदकामात केबल तुटते. घरात फायबर कपाटामागे घट्ट दुमडू नये. तीव्र वळणावर प्रकाश बाहेर गळतो. लाईनमन आला की त्याला मीटरवरचा आकडा विचारावा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक. उणे २७-२८ च्या पुढे गेला तर लाईन टिकणार नाही. हा आकडा वहीत लिहून ठेवावा, पुढच्या तक्रारीत तोच बोलतो.

वाय-फायचे म्हणाल तर आपली जांभ्याची जाड भिंत हाच मोठा अडथळा. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमते, २.४ ची सावकाश पण दूर जाते. आतल्या खोलीत २.४ वापरावी. संगणक वायरने जोडून पाहावा. वायरवर नेट टिकले तर लाईनमनला बोलवूच नये.

तरीही उलगडा झाला नाही तर संगणकावर दोन खिडक्यांत ‘पिंग’ चालवावे, एक राऊटरच्या पत्त्यावर (तो राऊटरच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१), दुसरे ८.८.८.८ वर. नेट तुटते तेव्हा दोन्हींची उत्तरे थांबली तर दोष घरात. फक्त दुसऱ्याची थांबली तर राऊटरच्या पलीकडे.

वहीत तारीख, वेळ, दिव्यांची स्थिती, पाऊस-वारा आणि वीज एवढेच लिहावे. आठवडाभराची वही हाती असेल तर तक्रार करताना वाद होत नाही. तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नये. निवारण झाले नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. ही सोय ट्रायच्या २०१२ च्या विनियमांनी दिलेली आहे.

आणि विद्यार्थ्यांनो, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका यांच्या फाईली आधीच तयार करून संगणकात ठेवा. अर्ज मुदतीच्या आठवडाभर आधी, सकाळी लवकर भरा. आमच्या घरी आता तसेच करतात, मोटर सुरू होण्यापूर्वी.