पोटाचा आजार, पायांना मुंग्या

प्रश्न : माझ्या भावाला क्रोन्सचा आजार आहे. चार वर्षांपूर्वी ऑपरेशन करून लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला. आता त्याचे तळपाय बधिर होतात, अंधारात तोल जातो. पोटाच्या आजाराचा पायांशी काय संबंध? आमच्या हळदीने गुण येईल का?
– एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : संबंध नक्की असू शकतो. अन्नातलं बी-१२ जीवनसत्त्व मुख्यतः लहान आतड्याच्या शेवटच्या भागातच शोषलं जातं. तो भाग गेला की आवक जवळजवळ बंद होते. पण यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे त्रास उशिरा सुरू होतो आणि तोवर ऑपरेशन सगळे विसरलेले असतात. बी-१२ कमी पडलं की मज्जातंतूंवरचं आवरण खराब होतं. तळपायांची जाणीव मेंदूकडे नेणारे मज्जारज्जूतले तंतूही दुखावतात. उजेडात नजर तोल सांभाळून घेते. अंधारात तोही आधार राहत नाही.

म्हणून बी-१२ची रक्ततपासणी याच आठवड्यात करून घ्या. कमतरता निघाली तर इंजेक्शनं लागतील, बहुधा आयुष्यभर. उशीर होईल तितकी भरपाई कमी होते. त्याआधी ‘अशक्तपणा’ म्हणून नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देऊ नका. त्यांनी रक्त सुधारतं, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते.

औषधांचीही चौकशी करा. जुलाब लागले की मेडिकलमधून आपण सर्रास आणतो ते मेट्रोनिडाझोल क्रोन्समध्ये कधी कधी बरेच आठवडे द्यावं लागतं, आणि लांबलं तर त्यानेही पाय बधिर होतात. शिवाय आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांत फरक करणं अवघड असल्यामुळे आपल्याकडे अनेकांना आधी क्षयाची औषधं मिळतात. त्यातलं आयसोनियाझिड शरीरातलं बी-६ कमी करतं. म्हणूनच सोबत पायरिडॉक्सिनची, म्हणजे बी-६ची, गोळी देतात. भावाने ती घेतली होती का? जुन्या चिठ्ठ्या डॉक्टरांना दाखवा.

एक गोष्ट मात्र तातडीची. क्रोन्स उसळलेला असताना रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, क्वचित मेंदूच्या शिरांतही. डोकं असह्य दुखलं, दिसायला अंधुक झालं, झटका आला किंवा एक बाजू लुळी पडली, तर त्याच घटकेला नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा.

वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मलाही आनंद आहे. हळदीतल्या कुर्क्युमिनचा मोठ्या आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये नेहमीच्या औषधांच्या जोडीने काही अभ्यासांत उपयोग दिसला आहे. पण भावाचा प्रश्न बी-१२च्या शोषणाचा असेल, तर तिथे हळद काही करू शकत नाही. भाजीत ती असू द्या. तपासणी तिच्यासाठी लांबवू नका.