हंस पाळायचेत? आधी गवत बघा

वडूजच्या आसपास एखाद्या वस्तीवर हंस दिसले की लोक दोनच गोष्टी विचारतात: जोडी केवढ्याला पडली, आणि हे असले की साप येत नाहीत हे खरं का? गवत किती लागतं, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा. येरळेकाठच्या आमच्या वस्तीवर हे पक्षी आले त्याला बरीच वर्षं झाली. सुरुवातीच्या पिल्लांपैकी बरीचशी गेली. ती कशानं गेली आणि पुढची कशी जगली, हे नव्यानं पाळणाऱ्यांना आधीच कळावं म्हणून हे लिहिते आहे.

आपल्याकडे सरसकट सगळ्यांना राजहंस म्हणतात. चोचीच्या मुळाशी गाठ, लांब मान, रंग पांढरा किंवा तपकिरी, असे जे बहुतेक ठिकाणी दिसतात ते चिनी जातीचे. पूर्व आशियातल्या रानहंसापासून माणसानं ते फार पूर्वी माणसाळवले. हिवाळ्यात हिमालय ओलांडून महाराष्ट्रातल्या तलावांवर उतरणारा पट्टकदंब हा त्यांचा रानातला भाऊबंद. पाळीव हंस कोंबडी-बदकासारखाच घरचा पक्षी आहे. पट्टकदंबाला किंवा कुठल्याही रानपक्ष्याला पकडून घरी ठेवणं मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. कुणी "तलावावरचं पिल्लू आणून देतो" म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता गवताचं. कोंबडी उकरून खाते, बदक चिखलात चोच घालून किडे-गोगलगाई शोधतं, आणि हंस चरतो, अगदी मेंढीसारखा. त्याच्या चोचीच्या कडा दातेरी असतात, त्यांनी तो गवताचा कोवळा शेंडा कापून घेतो. सहा आठवड्यांच्या पुढच्या हंसाला चांगलं गवत मिळालं तर संध्याकाळी मूठभर ज्वारी किंवा गहू पुरतो. पण गवत कोवळं आणि आखूड हवं. हरळी तो आवडीनं खातो, लसूणघास खातो, मक्याची कोवळी पानं खातो. हत्तीगवताची जून पानं पुढ्यात टाकली तर ती तशीच वाळून जातात, कडब्याकडे तर तो बघतही नाही. गाजरगवत जनावरं सहसा खात नाहीत, तसा हाही खात नाही.

म्हणजे पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत बांधावर सगळं आलबेल असतं. खरा प्रश्न होळीनंतर उभा राहतो. खटाव तालुक्यात चैत्र-वैशाखात बांध करपून जातात, विहिरी तळ गाठतात, आणि तेव्हा हंसांना विकतचं खाद्य घालायची वेळ आली की महिन्याभरात हौस फिटते. पाळण्याआधी विहिरीच्या किंवा हौदाच्या सांडपाण्यावर गुंठाभर तरी लसूणघास करा. तो कापून आणून घाला, हंसांना त्यात सोडू नका, ते मुळापर्यंत खातील. ज्याच्याकडे उन्हाळ्यात एवढंही पाणी नाही, त्यानं हंस पाळू नयेत असं मी स्पष्ट सांगते. लोकांना ते लागतं, पण मे महिन्यात खंगलेला पक्षी बघण्यापेक्षा ते बरं.

एक ऐकीव सल्ला आपल्या रानात उलटा पडतो. हंस शेतात सोडा, ते तण खातात, असं सांगतात. अमेरिकेत कापसाच्या शेतात तणासाठी हंस सोडायची पद्धत होती हे खरं आहे. कापसाचं पान त्यांना आवडत नाही, गवत आवडतं, म्हणून तिथं ते जमलं. आपली खरिपाची बाजरी आणि रब्बीचा शाळू ही दोन्ही गवताच्याच कुळातली पिकं. वीतभर आलेल्या बाजरीत हंस शिरले तर त्यांच्या लेखी ते उत्तम कुरण असतं. आमच्या शेजारच्या वाफ्यात एका सकाळी हेच झालं, आणि ती नुकसानभरपाई द्यावी लागली. पिकाभोवती कमरेइतकी जाळी पुरते, हंस उंच उडत नाहीत. द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या बागेत तर त्यांना कधीच सोडू नका. बागेखालच्या गवतावर फवाऱ्याचं औषध पडलेलं असतं, बोर्डो मिश्रणातलं मोरचूद असतं. ते गवत चरलं तर विषबाधा होते.

पिल्लांचा विषय मी सगळ्यांत सविस्तर सांगते, कारण सगळ्यांत जास्त नुकसान तिथंच होतं.

आमच्याकडे पहिली पिल्लं आली तेव्हा दुकानातून ब्रॉयलरचं स्टार्टर आणलं, सगळे तेच घालतात म्हणून. आठ-दहा दिवसांत पिल्लं चालताना बसायला लागली. गुडघ्याचा सांधा सुजलेला, पाय धनुकलीसारखे वाकलेले. पिल्लू खाण्याकडे निघायचं आणि वाटेतच बसायचं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ह्यांना गारठा बाधलाय." आम्ही ऊब वाढवली, काही फरक पडला नाही. पशुवैद्यक डॉक्टरांनी बघितल्याबरोबर सांगितलं, की हा नायसिनचा, म्हणजे एका ब जीवनसत्त्वाचा, तुटवडा आहे. कोंबडीच्या पिल्लाला जेवढं नायसिन लागतं त्याच्या जवळजवळ दुप्पट हंसाच्या पिल्लाला पहिल्या चार आठवड्यांत लागतं, आणि कोंबडीचं खाद्य कोंबडीच्या हिशेबानं केलेलं असतं. खाद्यात यीस्टची पावडर मिसळून किंवा पाण्यातून जीवनसत्त्व देऊन हे भरून काढता येतं. प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्या. पाय वाकल्यावर दिलं तर काही पिल्लं सावरतात, पण सांधा एकदा सरकला की मागं येत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून द्यायचं. औषध मिसळलेलं ब्रॉयलर खाद्य टाळा. त्यातल्या काही औषधांचं प्रमाण कोंबडीसाठी बेतलेलं असतं, आणि हंसाची पिल्लं त्या मानानं फार जास्त खातात.

दुसरी गोष्ट बुरशीची, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आपल्या घरात शेंगदाणा पेंड असतेच. गाई-म्हशीला घालतो तीच चिमूटभर पिल्लांना, असं सहज होतं. पावसाळ्यात पोत्याच्या तळाशी पेंडीला हिरवट-पिवळी बुरशी धरते. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. जनावर मोठं असल्यामुळे ते वरवर निभावून नेतं, बदकाचं आणि हंसाचं पिल्लू मरतं. या विषाचा शोधच मुळी पक्ष्यांच्या मरणातून लागला. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाच्या वर टर्की पटापट मेले, बदकांची पिल्लंही मेली, आणि शोध घेता घेता लोक ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोचले. आपल्या पोत्यातली पेंड वेगळी नाही. बुरशी झटकून, उन्हात घालून, भाजून विष जात नाही. ओलसर झालेला मका, कुबट वास येणारं स्टार्टर, पेंडीचा तळ, यातलं काहीही पिल्लांना घालू नका. खाद्य थोडं थोडं आणा, पोतं फळीवर ठेवा, भिंतीला टेकवू नका.

ऊब पहिल्या आठवड्यात ३२ अंशांच्या आसपास ठेवायची आणि पुढं दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करायची. थर्मामीटर नसेल तर पिल्लंच सांगतात: बल्बखाली एकमेकांवर चढली तर गार आहे, लांब जाऊन चोची उघडून बसली तर गरम. खाली वर्तमानपत्र घालू नका, त्यावर पाय घसरून फाकतात. किंतान घाला, आठवड्यानंतर भाताचं तूस. आणखी एक, दाणा फार भरला की वाढत्या पिल्लाच्या पंखाचं टोक बाहेरच्या बाजूला वळतं. लक्षात आल्याबरोबर खाद्य कमी करून गवत वाढवलं आणि पंख मऊ पट्टीनं चार दिवस अंगाशी बांधला तर तो सरळ होतो. उशीर झाला तर जन्मभर तसाच राहतो.

पाण्याविषयी गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. हंसाला तळं लागतंच असं नाही. डोकं डोळ्यांपर्यंत बुडेल एवढं खोल घमेलं मात्र लागतंच, नाहीतर नाकपुड्या आणि डोळे चिकटतात. पिल्लांच्या घमेल्यात मोठे गोटे घाला, म्हणजे चोच बुडेल पण पिल्लू बुडणार नाही. आईविना वाढणाऱ्या पिल्लांची लव लवकर भिजते आणि ती गारठतात, म्हणून पोहायची घाई करू नका.

आणि शेततळं. प्लास्टिक कागद घातलेलं शेततळं आता वस्तीवस्तीवर आहे, आणि हंस त्यात सोडायचा मोह प्रत्येकाला होतो. त्या कागदाचा उतार तीव्र आणि शेवाळानं बुळबुळीत असतो. हंस आत सहज उतरतो, बाहेर येता येत नाही. मोठा पक्षी तासन्‌तास पोहून थकतो, पिल्लं तर तेवढी टिकतही नाहीत. वर त्याच्या नखांनी आणि चोचीनं कागदाला भोकं पडतात, ती वेगळीच. शेततळ्याला कुंपण हवंच, ते माणसांच्या पोरांसाठीही हवं. शिवाय काठावरून जाड दोरखंडाला बांधलेली किंतानाची पट्टी पाण्यात सोडून ठेवा, चुकून कुणी आत गेलंच तर पाय रोवायला आधार मिळतो. उन्हाळ्यात आटत आलेल्या डबक्यावरही त्यांना जाऊ देऊ नका. कुजणाऱ्या चिखलात आणि मेलेल्या माशांत बोट्युलिझमचं विष तयार होतं. त्यानं पक्ष्याची मानच लुळी पडते.

राखणीचं बोलू. रोमच्या टेकडीवर हंसांनी ओरडून शत्रूची चाहूल दिल्याची कथा सगळीकडे सांगतात. स्कॉटलंडमध्ये डंबार्टनच्या व्हिस्कीच्या गोदामांवर १९५९ पासून पन्नास वर्षांहून अधिक काळ हंसांचा पहारा होता. हंस ओरडतो हे खरंच आहे, त्याचे कान आणि डोळे फार तिखट असतात. पण ओरडण्याचा उपयोग ऐकून उठणारं माणूस असेल तेव्हाच. मोकळ्या अंगणात रात्री सोडलेला हंस दोन भटक्या कुत्र्यांपुढे टिकत नाही. आमच्या भागात कोल्हा आहे, रानमांजर आहे, माणदेशच्या माळावर लांडगाही आहे. आमच्या रानात मेंढ्या बसवायला आलेल्या एका धनगर मामांनी खुराड्याचं दार बघून सांगितलं होतं, "ताई, दार खालनं बोटभर बी उघडं ठिवू नगा, मुंगूस तेवढ्यातनं पिल्लू वढतंय." संध्याकाळी मोजून आत घ्यायचे आणि कडी घालायची. एक संध्याकाळही याला अपवाद नको.

सापाबद्दल मी कुणाला भरवसा देत नाही. हंस साप बघून गलका करतात, लहान सापाला टोचतातही. पण सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो. घोणशीला हंसाचं भय नाही. अंगण स्वच्छ ठेवा, रात्री बॅटरी घेऊन चाला, आणि कुणाला चावलाच तर मांत्रिकाकडे न नेता थेट सरकारी दवाखाना गाठा.

अंड्यांच्या जोरावर कुणी हिशेब मांडू नये. कोंबडीसारखी वर्षभर अंडी मिळत नाहीत, हंगामात मिळतात. एका नराला तीन-चार माद्या पुरतात. उबवणीला साधारण ३० दिवस लागतात. खुडूक कोंबडीखाली चार-पाच अंडी ठेवता येतात, पण ती जड असल्यानं तिला फिरवता येत नाहीत, आपण हातानं रोज फिरवायची. विणीच्या दिवसांत नर मान जमिनीलगत लांब करून अंगावर येतो, पंखाचा फटका लहान मुलाला पाडू शकतो. त्या दिवसांत पोरांना तिकडे पाठवू नका. पाठ फिरवून पळूही नका, समोर उभं राहून सावकाश बाजूला व्हा.

येरळवाडीच्या आणि मायणीच्या पाण्यावर हिवाळ्यात फ्लेमिंगोंपासून कितीतरी पाहुणे पक्षी येतात. आपले हंस त्यांच्यात सोडायचे नाहीत, आणि तिथून आल्यावर चिखलाची चप्पल घालून खुराड्यात शिरायचं नाही. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा किती कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या हे आपण वाचलेलं आहे. पाणपक्ष्यांच्या अंगात तो विषाणू काही वेळा लक्षण न दाखवताही असतो. एकदम दोन-तीन पक्षी मेले तर ते उघड्यावर फेकू नका, हात लावू नका, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. आपल्या जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. कोंबड्यांचं ज्ञान सगळ्यांकडे असतं, हंसांचं कमी जणांकडे, म्हणून अशा ठिकाणी विचारायला संकोच करू नये.

विकत घ्यायला जाल तेव्हा पिल्लाला जमिनीवर चालवून बघा, नुसतं हातात घेऊन बघू नका. पाय सरळ पडतात का, डोळे कोरडे आहेत का, शेपटीखाली घाण चिकटली आहे का, बघा. आजवर काय खायला घातलं ते विचारा आणि तेच खाद्य आठवडाभर पुरेल एवढं सोबत आणा. एकटं पिल्लू कधी आणू नका. अंड्यातून बाहेर आल्यावर जे हलतं-बोलतं दिसतं त्यालाच ते आई मानतं. कॉनराड लॉरेन्झ यांनी हंसांच्या पिल्लांवरच हे दाखवलं आणि पुढे १९७३ चं नोबेल त्यांना मिळालं. एकटं वाढलेलं पिल्लू तुमच्या मागं मागं फिरतं, पहिले दोन महिने सगळ्यांना कौतुक वाटतं. मग तुम्ही वडूजला बाजाराला गेलात की ते दिवसभर ओरडतं, खात नाही. हंस वीस वर्षं जगू शकतो. शेजारची वस्ती हाकेच्या अंतरावर असेल तर आणण्याआधी त्यांच्याशीही बोलून घ्या, कारण पहाटे चारला पहिला आवाज त्यांनाही ऐकू जाणार आहे.