कॉन्टॅक्टला काचपेपर लावू नकोस

भाचेबुवा, मशीन टेम्पोतून उतरवून घरात घेतलंस, चारही पाय लावलेस, आता हात शिवशिवत असणार. पण प्लग भिंतीत घालू नकोस. मामाचं हे पहिलं सांगणं आहे, आणि ते मोडलंस तर पुढचं ऐकायची गरजच उरणार नाही.

चोर बाजारातल्या माणसाने तुला 'मेड इन यूएसए' म्हणून विकलं आणि या खेपेला ते खरं निघालं. आपल्या भागात यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मी लोकलमध्ये जन्मभर ऐकला. तुझं पिनबॉल मात्र अस्सल शिकागोचं, गॉटलीब कंपनीचं. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या पट्टीवर काय लिहिलंय ते बॅटरी मारून वाच. परदेशी पाठवायच्या काही मशीनना २३०चा टॅप असतो. नसला तर बाहेरून स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल, ५०० व्हीएचा. उल्हासनगरला कॅम्पात वायंडिंगवाल्याकडून बांधून घे. दोन वेगळी वायंडिंग असलेला, आयसोलेशनचा हवा असं ठणकावून सांग, नाहीतर स्वस्त पडतो म्हणून ऑटो-ट्रान्सफॉर्मर गळ्यात मारतील. आउटपुट ११० व्होल्ट माग. ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो, व्होल्टेज थोडं कमी दिलं की निभावून नेतो. आतली स्कोअर मोटर मात्र साधारण एक षष्ठांशाने हळू फिरेल. ते दुखणं नव्हे, त्याच्या मागे लागू नकोस.

जुन्या अमेरिकन मशीनला दोनच पिना असतात, अर्थिंग नाही. तीन पिनांची वायर घाल आणि हिरवी वायर ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी फ्रेमला, नाण्याच्या दाराला आणि काचेच्या पुढच्या पट्टीला जोड. खेळणारा तासभर त्याच पट्टीवर मनगटं टेकून उभा असतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात फरशीलाही घाम फुटतो. शिवाय स्विच बंद केला म्हणजे मशीन मेलं असं समजू नकोस. बऱ्याच मशीनमध्ये प्लग लावलेला असेपर्यंत ट्रान्सफॉर्मर जिवंतच असतो. हात आत घालायचा तर प्लग बाहेर काढून, आणि तो डोळ्यांसमोर ठेवून.

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज लॅम्पमधून. १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब स्टेप-डाऊनच्या आधी सिरीजमध्ये टाक, एलईडी चालणार नाही. मशीनमधले छोटे दिवे तेवढ्यापुरते काढून ठेव. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भकभकीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. प्लग ओढ आणि शोध. फ्यूज गेला तर त्याच अँपिअरचा घाल. सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेले फ्यूज मी कैक ठिकाणी पाहिलेत, आणि त्यांच्या मागच्या जळक्या वायरीही.

आता तुला वाटेल, पिनबॉल कधी न खेळलेला मामा एवढं कशाच्या जोरावर बोलतो? अरे, या पेटीत ना चिप आहे ना ट्रान्झिस्टर. आत रिले, कॉइल, पट्ट्यांचे स्विच आणि टप्प्याटप्प्याने सरकणारे स्टेपर. हेच सगळं मुंबईच्या स्ट्रोजर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, माझ्या नोकरीच्या जागी, भिंतीएवढ्या रॅकवर होतं. अमेरिकेतल्या ऑल्मन स्ट्रोजर नावाच्या एका अंत्यविधीच्या दुकानदाराला त्याचं पेटंट १८९१ मध्ये मिळालं. आपल्याकडे बेंगळुरूची आयटीआय तसली एक्स्चेंज बनवायची. एक्स्चेंजमध्ये ५० व्होल्ट डीसी, तुझ्या गॉटलीबमध्ये २५च्या आसपास एसी, एवढाच काय तो फरक. तू डायल फिरवलास की वायपर एकेक पायरी चढायचा. इथे बॉल बंपरला लागला की स्टेपर एक घर सरकतो आणि आकड्यांचा ड्रम फिरतो. १९८६ मध्ये एमटीएनएल आलं, इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सगळीकडे पसरली आणि आमचं घड्याळासारखं टिकटिकणारं जग भंगारात निघालं. पिनबॉलचंही सत्तरच्या दशकाच्या शेवटाला तेच झालं. म्हणून तुझी पेटी उघडली तेव्हा मला सासरी माहेरचं माणूस भेटावं तसं झालं.

त्या नोकरीने एक गोष्ट डोक्यात घट्ट बसवली. असल्या यंत्रात पार्ट क्वचित जातो. जातो तो कॉन्टॅक्ट. म्हणून 'कुठला पार्ट मागवू' हा प्रश्न सगळ्यात शेवटी. आधी सर्किट डायग्रॅमची मोठी प्रिंट काढून भिंतीवर लाव, काही सोडवायच्या आधी मोबाईलवर फोटो घे, प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांध. मोठे प्लग-सॉकेट काढून, पिना पुसून परत बसव. नुसत्या तेवढ्याने निम्मी भुतं पळतात.

मग स्विच. बोटभर लांबीच्या पितळी पट्ट्या आणि टोकाला चांदीची टिकली. त्यांना काचपेपर लावायचा नाही. चांदी खरवडली जाते, चरे पडतात आणि चऱ्यांत परत काजळी धरते. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी काप, टोकावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घे, दोन टिकल्यांत धर, बोटाने हलकेच दाब आणि ओढून काढ. काळी रेघ उमटेल. रेघ यायची थांबली की झालं. फारच जळलेल्या टिकलीला बर्निशर, म्हणजे जवळजवळ गुळगुळीत अशी कानस. फ्लिपरचे कॉन्टॅक्ट तेवढे टंगस्टनचे, कडक. त्यांना बारीक कानस चालते.

ॲडजस्ट करायला हात घालण्यापूर्वी पट्ट्यांच्या बुडाचे दोन स्क्रू आवळ. ते सैल असले तर वर कितीही वाकव, उद्या परत तेच. मग पट्टी बुडाशी धरून वाकवायची, टोकाशी कधीच नाही. उघड्या टिकल्यांमध्ये साधारण दीड मिलिमीटर फट हवी. बंद होताना एक टिकली दुसरीला नुसती शिवून चालत नाही, किंचित ढकलून तिच्यावर घासली पाहिजे. त्या घासण्यानेच कॉन्टॅक्ट स्वतःला साफ ठेवतो. आमच्या एक्स्चेंजमध्ये नवीन पोरगा कामाला आला की त्याला हे घासणं डोळ्यांनी दिसेपर्यंत पक्कड हातात मिळत नसे.

फ्लिपरपाशी जास्त वेळ दे. फ्लिपर प्रथम आले १९४७ मध्ये, गॉटलीबच्याच 'हम्प्टी डम्प्टी' मशीनवर. त्याआधी बॉल सोडून बघत बसायचं. म्हणून तर न्यू यॉर्कने पिनबॉलला जुगार ठरवून १९४२ मध्ये बंदी घातली आणि ती उठायला १९७६ साल उजाडलं. तर फ्लिपरच्या कॉइलवर दोन वायंडिंग असतात. जाड तारेचं वायंडिंग हिसका देतं, बारीक तारेचं नुसतं धरून ठेवतं. फ्लिपर वर पोचला की त्याचाच दांडा एक स्विच उघडतो आणि बारीक तार सिरीजमध्ये येऊन करंट उतरतो. हा स्विच उघडला नाही तर तू बटन दाबून ठेवलेल्या थोड्या वेळात कॉइल जळते, वार्निशचा वास आधी येतो. उलट तो नीट मिटतच नसला तर फ्लिपर मलूल पडतो, आणि लोक जास्त ताकदीची कॉइल शोधत फिरतात. कॉइल मेली असं वाटलं तर मीटर लावण्याआधी तिच्या कानाशी, म्हणजे तार जोडलेली असते तिथे, बघ. बारीक तार बहुतेक वेळा तिथेच तुटते, एक वेढा सोडवून डाग दिला की कॉइल परत कामाला लागते.

कॉइलच्या आतल्या दांड्याला तेल घालू नकोस. तेल धूळ ओढतं, त्याची खळ होते आणि दांडा अडकतो. पितळी नळी फुगली असेल तर नायलॉनची घाल, कोरडीच चालव. स्टेपरचं वेगळं. त्याचं जुनं ग्रीस डांबरासारखं घट्ट होतं, म्हणून चकती काढ, बेकलाइटवरचे रिव्हेट हिरव्या स्क्रबरने चकचकीत कर आणि बोटाच्या टोकाएवढंच नवीन ग्रीस लाव. स्प्रेचा डबा मात्र घराबाहेर ठेव. सगळ्यावर फुसफुस मारून मशीन 'सुधारणारे' लोक मला बघवत नाहीत.

स्टार्ट दाबल्यावर मोटर फिरतच राहिली, थांबेना, तर घाबरू नकोस. मशीन सगळे ड्रम शून्यावर आणायच्या प्रयत्नात असतं. कुठला ड्रम शून्यावर आलेला नाही ते बघ. दोष त्याच्याच मागच्या स्विचमध्ये किंवा अडकलेल्या खिट्टीत सापडेल.

दिवे ६.३ व्होल्टचे, जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या डायलमागे असायचे तसे. ४४ नंबरऐवजी ४७ नंबर घाल, करंट कमी, उष्णता कमी. मागच्या चित्राच्या काचेला मात्र आतून फडका लावू नकोस, रंग काचेच्या मागच्या बाजूला असतो आणि पोपडे आले असतील तर फडक्याबरोबर निघून येईल. खालच्या फळीलाही पाणी नको. कोरड्या मऊ कपड्याने पुसून कार्नोबा मेण लाव. बॉल २७ मिलिमीटरचा, ८० ग्रॅमचा. त्यावर बारीक खड्डे दिसले तर नवीन घे, तो खेळता खेळता फळीचा रंग खातो. उतार साडेतीन अंशांचा. आणि मशीन जोरात हलवलं की खेळ थांबवणारा टिल्टचा लंबक म्हणजे गवंड्याचा ओळंबाच, लोखंडी कड्यात लटकवलेला. आधी मशीन लेव्हल कर, मगच ओळंबा कड्याच्या मधोमध आण.

जांभूळ गावात राहतोस हे विसरू नकोस. बारवी धरणाचं पाणी इथे शुद्ध होऊन पार ठाण्यापर्यंत जातं, पण जून लागला की त्याहून जास्त पाणी आपल्या हवेत असतं. मशीन भिंतीपासून हातभर लांब ठेव, पायाखाली फरशीचे तुकडे दे, प्लायला वाळवीचं औषध आताच मार. उंदरांना कापडी वेष्टणाच्या वायरी फार आवडतात, तेव्हा प्लगची जागा आणि तळाची भोकं जाळीने बुजव. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा मशीन चालू करून तासभर दिवे पेटते ठेव. आतली ओल जाते आणि कॉन्टॅक्टही हलते राहतात.

राहिलं नाणं. कल्याण स्टेशनावरच्या वजनाच्या काट्यात रुपया टाकला की दिवे लुकलुकायचे आणि पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, त्यावर वजन आणि भविष्य. पोरांना तसंच काहीतरी हवं असणार. पण अमेरिकेचं क्वार्टर २४.२६ मिलिमीटरचं, आपलं २०११च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं २५चं. कुणीतरी जोर करून कोंबेल, आणि मग तू फट कानसायला घेशील. तसं करू नकोस, मूळची फट आहे तशीच राहू दे. दाराच्या आत नाण्याच्या स्विचला समांतर घंटीचं एक साधं बटन जोड. दोन वायरी, दोन डाग. बटन दाराखाली लपव आणि कुठे आहे ते फक्त धाकटीला सांग, म्हणजे थोरल्याला तिच्याशी गोड बोलावं लागेल.