हातात किती रुपये पडले, ते विचार

अगं, जावईबापूंचा व्हिसा आला, तिकीटही निघालं, हे ऐकून जीव सुपाएवढा झाला. इतकी वर्षं राईस मिलमध्ये फिटरकी केली, आता त्याच हातांना शारजात चांगला पगार मिळतो आहे तर जाऊ देत बिनघोर. पण ते निघायच्या आधी पैशांबद्दल तुझ्याशी नीट बोलायचं आहे. फोनवर तुझ्याजवळ सतत कुणीतरी असतं, म्हणून लिहिते आहे.

आपल्याकडे या गोष्टी विचारायच्या कुणाला, हीच खरी अडचण. धानाचा बोनस कधी जमा होणार, रोवणीला यंदा मजुरी काय चालली आहे, हे आमगावच्या पानठेल्यावरही कळतं. दिरहम पाठवायचा तर कुठून पाठवायचा, हे सांगणारं घर गावात एखादं सापडलं तर नशीब. केरळात बायका हे एकमेकींकडून शिकतात. आणि तुला सांगते, रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून देशात आलेल्या पैशात सर्वांत मोठा वाटा केरळचा नाही, आपल्या महाराष्ट्राचा निघाला, २०.५ टक्के. म्हणजे पाचातला एक रुपया आपल्या राज्यात उतरतो. तो कसा येतो हे मात्र आमगाव-देवरीच्या बायकांना कुणी सांगत नाही. मी बँकेत बसून रोज पाहते, म्हणून ताई या नात्याने सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनावर कोरून ठेव. ‘फी किती?’ असं विचारू नकोस. ‘मी इथे दोन हजार दिरहम दिले तर बायकोच्या खात्यात नेमके किती रुपये पडतील?’ हा प्रश्न जावईबापूंना तोंडपाठ करायला लाव. पाठवणाऱ्या कंपनीची कमाई दोन ठिकाणी असते, एक फी आणि दुसरा दर. फी पाटीवर दिसते, दरातलं कुणाला दिसत नाही. समज, एका दुकानात १५ दिरहम फी आणि २४ रुपये दर आहे. दोन हजारातून फी वजा जाता १९८५ दिरहमचे ४७,६४० रुपये होतात. शेजारच्या दुकानावर ‘शून्य फी’ असा मोठा फलक आहे, पण दर आहे २३ रुपये ७० पैसे. तिथे होतात ४७,४००. म्हणजे फुकट वाटलं तिथेच २४० रुपये जास्त गेले, आणि तेही दर महिन्याला.

दुसरं, पैसे थोडे थोडे करून पाठवू नयेत. घराची ओढ असते, पगार झाला की पाचशे, मग पोराची फी निघाली की पाचशे, असं होतं. पाठवायची फी मात्र दर खेपेला नव्याने लागते. चार खेपा केल्या तर १५ च्या जागी ६० दिरहम गेले, म्हणजे वरच्या हिशोबाने १,०८० रुपये जास्त. तेव्हा महिन्याचं घराचं गणित तू आधीच मांडून दे आणि पैसे एकदाच येऊ देत. दर वाढेल म्हणून पंधरा-पंधरा दिवस थांबण्यातही अर्थ नाही. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५ दिरहम, त्यात फरक पडत नाही. त्यामुळे डॉलर आणि रुपया यांच्यात काय चाललं आहे त्यावरच सगळं अवलंबून, आणि ते तुम्हाआम्हाला ओळखता येत नाही. घरखर्चाचे पैसे वेळेवर आलेले बरे.

मग पाठवायचे कुठून? तिकडे अल अन्सारी, लुलू अशी एक्स्चेंज हाऊस आहेत, त्यांची मोबाइल ॲप आहेत, आणि ज्या बँकेत पगार जमा होईल तिचंही ॲप असेल. अमिरातीत २००९ पासून पगार सरकारी नजरेखालच्या व्यवस्थेतून द्यावा लागतो, त्यामुळे पगाराची नोंद राहतेच, आणि ती पुढे कामाला येते. पहिल्या महिन्यात दोन-तीन ठिकाणी एकाच दिवशी, एकाच रकमेचा भाव काढायला सांग. जिथे जास्त रुपये, तिथून पाठवायचे. पुढेही दर तीन-चार महिन्यांनी भाव काढून पाहायचा, कारण नवं गिऱ्हाईक पकडायला पहिल्या खेपेला खास दर देतात आणि मग हळूच कमी करतात. संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत असा पैसा पाठवायचा खर्च तीन टक्क्यांच्या खाली आणायचं ठरवलं आहे, फी आणि दर दोन्ही धरून. शंभरातले तीन रुपये वाटेत गळत असतील, तर दुकान बदलायची वेळ झाली असं समज.

वेस्टर्न युनियनसारखी रोख हातात देणारी सोयही आहे. ती अडीअडचणीलाच ठेव. तिथे एका वेळी २,५०० डॉलरपर्यंतच पाठवता येतात, वर्षात एका माणसाला ३० खेपा, आणि रोख मिळते ती फक्त ५० हजारांपर्यंत. त्याहून जास्त असेल तर खात्यातच घ्यावे लागतात. खात्यात येणाऱ्या पैशांचा पुरावा आपोआप राहतो, रोख मोजून घरी आणायची धास्ती नाही.

आता जरा कान देऊन ऐक. तिकडे खोलीवरचा कुणीतरी जावईबापूंना सांगेलच, ‘माझ्या ओळखीचा आहे, त्याला दिरहम दे, तासाभरात बायकोच्या खात्यात पैसे, दर बँकेपेक्षा चांगला.’ हीच हुंडी, म्हणजे हवाला. काही महिन्यांपूर्वी सालेकसा भागातली एक बाई माझ्यासमोर बसून रडत होती. नवऱ्याने असेच पैसे पाठवले, तिच्या खात्यात ते कुठल्याशा परराज्यातल्या अनोळखी नावावरून जमा झाले. ते नाव निघालं ऑनलाइन फसवणुकीतलं. त्या राज्यातल्या पोलिसांची नोटीस आली आणि तिचं खातं गोठलं. पोराची फी, बचत गटाचा हप्ता, सगळं त्यात अडकलं. नवऱ्याने घाम गाळून मिळवलेले पैसे, आणि खुलासा देत फिरत होती ती. तिच्याकडे दाखवायला एकही पावती नव्हती. परकीय चलनाच्या कायद्यात अशा व्यवहाराला रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. दोन-चारशे रुपयांच्या फायद्यासाठी हे पाऊल टाकायचं नाही, असं त्यांच्याकडून वचन घे. तुझा खाते क्रमांक आणि कार्ड दुसऱ्या कुणाला ‘वापरायला’ द्यायचं नाही, सख्ख्या नात्यातलं कुणी असलं तरी.

खात्यांचं ऐक, कारण इथे आपली माणसं सर्रास चुकतात. नोकरीसाठी माणूस परदेशी गेला की परकीय चलनाच्या कायद्याने तो अनिवासी होतो. त्याचं जुनं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावं लागतं. इथली कमाई, म्हणजे बांधीचं धान, घरभाडं, ती या खात्यात. तिकडची कमाई साठवायला एनआरई खातं. त्याच्या व्याजावर आपल्याकडे आयकर नाही आणि पैसे पुन्हा बाहेर न्यायचे झाले तर आडकाठी नाही. एनआरओच्या व्याजावर मात्र ३० टक्के कर आधीच कापला जातो, शिवाय उपकर. म्हणून तिकडून आलेली शिल्लक एनआरओत टाकून ठेवू नका. एनआरईची मुदत ठेव किमान एक वर्षाची करावी लागते, त्याआधी मोडली तर व्याज नाही.

तुमची बांधी जावईबापूंच्या नावावर आहे ना? मग आधारभूत केंद्रावर धान दिल्यावर चुकारा त्यांच्याच नोंदवलेल्या खात्यात येतो. खात्याचा प्रकार बदलताना कधी खाते क्रमांकही बदलतो. बदलला तर हंगामाच्या आधी केंद्रावर जाऊन नवा क्रमांक नोंदवून घे, नाहीतर धान गेलं आणि चुकारा लटकला असं होईल. आणि तो चुकारा एनआरई खात्यात टाकायचा प्रयत्न करू नका, ते चालत नाही.

घरखर्चाचे पैसे मात्र तुझ्या स्वतःच्या खात्यात यायला हवेत. मी हे ठासून सांगते आहे, कारण मी फार घरं पाहिली. पैसे सासऱ्यांच्या खात्यात येतात, सून औषधाला शंभर रुपये मागायला उभी राहते, आणि कुणाच्या मनात वाईट नसतानाही तिची मान खाली जाते. मामंजी चांगले आहेत, मला ठाऊक आहे. म्हणूनच जायच्या आधी सगळ्यांसमोर, प्रेमाने ठरवून घ्या. सासू-सासऱ्यांची रक्कम जावईबापूंनी त्यांना वेगळी द्यावी, मानाने. घराचं तुझ्याकडे. नवऱ्याने घरखर्चाला पाठवलेल्या पैशांवर तुला कर भरावा लागत नाही, ही भीती कुणी घातली तर घाबरू नकोस. त्यांच्या एनआरई खात्यातही तुझं नाव जोडून घे. तो प्रकार ‘आधी ते, मग तू’ असा असतो, ते असताना खातं त्यांचं, पण तुला मुखत्यारपत्र दिलं की इथल्या खर्चासाठी तू पैसे काढू शकतेस. कुणाला काही झालं तर वारस म्हणून दारोदार फिरावं लागत नाही. असं लिहिताना हात जड होतो, पण लिहिते.

आणखी थोडं. इथलं सिम बंद पडू देऊ नका, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. रोमिंग चालू करून आणि रिचार्ज करूनच विमानात बसायचं. अमिरातीसह काही देशांतल्या नंबरवरूनही एनआरई-एनआरओ खात्याला यूपीआय जोडता येतं, तिकडचा नंबर मिळाला की बँकेत नोंदवून घ्यावा. पहिला पगार हाती यायला महिना-दीड महिना लागतो, तोवरच्या जेवणाखाण्यापुरते दिरहम इथूनच, परवाना असलेल्या विक्रेत्याकडून घ्या आणि पावती ठेवा. इथलं कार्ड तिकडच्या एटीएममध्ये घातलं तर बऱ्याच बँका साडेतीन टक्क्यांच्या आसपास जास्त लावतात, त्यामुळे तो शेवटचा उपाय. आणि कधी वापरावंच लागलं, मशीनने ‘रुपयात की दिरहममध्ये?’ असं विचारलं, तर दिरहम. रुपयात म्हटलं की मशीनवाला आपला दर लावतो.

शिक्षणासाठी बाहेर जाणाऱ्या पोरांचं, इथून तिकडे पैसे पाठवण्याचं गणित वेगळं आहे. धाकट्याचं जर्मनीचं पक्कं झालं की त्यावर बोलू.

सोमवारी दोघं गोंदियाला या. त्यांचा पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचं पत्र, दोघांचं पॅन आणि आधार, चार-चार फोटो, आणि जुन्या खात्याचं पासबुक आणा. धान केंद्रावर नोंदणी केलेली पावतीही घे. अकरापर्यंत पोचलात तर गर्दी कमी असते, एनआरओ आणि एनआरईचे दोन्ही अर्ज बसून भरू आणि मुखत्यारपत्राचा मसुदाही तेव्हाच करून टाकू.

तुझी ताई